मेक्सिकोतला तुमचा पहिला डिसेंबर: पोसादाच्या दारापासून तामालेसच्या भांड्यापर्यंत

केरेतारोत राहायला आलो त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या फाटकावर एक कागद चिकटवलेला दिसला. वर मोठ्या अक्षरांत 'पोसादा' एवढा एकच शब्द. खाली घरांचे क्रमांक आणि प्रत्येकासमोर एकेक वस्तू: पिन्याता, संत्री, शेंगदाणे, मेणबत्त्या, कागदी पेले. आमच्या क्रमांकासमोरची जागा रिकामी होती. आपण ख्रिस्ती नाही, भाषा धड येत नाही, आपलं इथे काय काम, असं म्हणत दोन दिवस मी त्या कागदासमोरून नुसती येत-जात राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, "वेसीना, ऊस उरलाय." वेसीना म्हणजे शेजारीण. मी लिहिलं: ऊस, २ किलो.

त्या दोन किलो उसापासून आमचा इथल्या घरांत वावर सुरू झाला. नोकरीनिमित्त केरेतारो, ग्वादालाहारा, मोंतेर्रे अशा शहरांत नव्यानं येणारी मराठी कुटुंबं दरवर्षी मला विचारतात, की डिसेंबरात नेमकं करायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे. नुसतं बघायला जाऊ नका, एखादं काम अंगावर घ्या. ते काम कोणतं, कधी आणि कसं, हे क्रमानं सांगते. मी लिहितेय ते मध्य मेक्सिकोबद्दल. उत्तरेकडे आणि किनारपट्टीवर रीती थोड्या बदलतात.

१. आधी तारखा लिहून घ्या

इथला हिवाळी सण २५ डिसेंबर या एका दिवसाचा नाही. १२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या मातेच्या, म्हणजे मारिया मातेच्या सणानं तो सुरू होतो आणि ६ जानेवारीला तीन राजांच्या दिवशी उतरतो. या सगळ्या काळाला लोक 'ग्वादालूपे-रेयेस मॅरेथॉन' म्हणतात. रेयेस म्हणजे राजे. त्यालाही एक शेपूट आहे: २ फेब्रुवारीची कांदेलारिया. मधल्या तारखा अशा: १६ ते २४ डिसेंबर नऊ रात्री पोसादा, २४ ची रात्र नोचेबुएना, २८ ला निष्पाप बालकांचा दिवस, ३१ ला वर्षअखेर.

यांपैकी कायद्यानं सार्वजनिक सुट्टी फक्त २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला असते. १२ डिसेंबरला बँका बंद असतात, पण तुमचं ऑफिस चालू असू शकतं. शाळा साधारण तिसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मग बसची तिकिटं मिळेनाशी होतात. कुठे जायचं असेल तर नोव्हेंबरातच आरक्षण करा.

नोकरदारांनी एक शब्द पाठ करावा: आगिनाल्दो. कामगार कायद्याप्रमाणे किमान १५ दिवसांचा पगार २० डिसेंबरच्या आत प्रत्येक कर्मचाऱ्याला मिळायलाच हवा. वर्षाच्या मध्यात रुजू झाला असाल तर त्या प्रमाणात मिळतो. दिवाळीच्या बोनससारखा तो मालकाच्या मर्जीवर नसतो, तुमचा हक्क असतो. पोसादात मुलांना मिळणाऱ्या खाऊच्या पिशवीलाही आगिनाल्दोच म्हणतात, त्यामुळे कुणी आगिनाल्दो वाटला म्हणाला तर कोणता, ते संदर्भावरून समजून घ्यायचं.

२. १२ डिसेंबर: रस्ता सांभाळा, पहाटे लवकर उठा

मेक्सिको शहराच्या उत्तरेला तेपेयाक नावाची टेकडी आहे. १५३१ साली तिथे हुआन दिएगो नावाच्या स्थानिक माणसाला मारिया मातेनं दर्शन दिलं, अशी श्रद्धा आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, या दिवसांत लाखो लोक लोटतात. कुणी चालत, कुणी सायकलवर, पाठीवर मातेची तसबीर बांधून. आषाढीची वारी पाहिलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. ९ ते १२ तारखेदरम्यान गाडीनं प्रवास करत असाल तर महामार्गाच्या कडेनं चालणारे जथे असतात हे लक्षात ठेवा, रात्री विशेष. वाटेत लोक त्यांना चहा-कॉफी, केळी, पाणी देतात. तुम्हीही गाडी थांबवून देऊ शकता, कुणी नको म्हणत नाही.

तेपेयाकला जाणं जमलं नाही तरी जवळच्या चर्चमध्ये ११ च्या मध्यरात्री किंवा १२ च्या पहाटे मातेच्या वाढदिवसाची गाणी म्हणतात, तिथे मागे उभं राहून ऐका. लहान मुलांना हुआन दिएगोचा पोशाख घालून आणलेलं असतं. फोटो काढण्याआधी आईला विचारा.

३. पोसादा: बाहेरच्या रांगेत उभे राहा

पोसादा म्हणजे उतरायची जागा, मुक्काम. बेथलेहेममध्ये मारिया आणि योसेफ आसरा शोधत दारोदार फिरले, ती गोष्ट नऊ रात्री पुन्हा घडवायची. जमलेल्या लोकांचे दोन गट होतात. एक गट मेणबत्त्या आणि दोघांच्या छोट्या मूर्ती घेऊन दाराबाहेर थंडीत उभा राहतो, दुसरा दाराआड. बाहेरचे गाण्यातून आसरा मागतात, आतले गाण्यातूनच नाही म्हणतात: इथे धर्मशाळा नाही, पुढे व्हा, चोर कशावरून नाही तुम्ही? बरीच कडवी अशी सवाल-जवाबात जातात. शेवटी आतल्यांना ओळख पटते, दार उघडतं, चाल एकदम बदलते आणि सगळे जण 'या, आत या' असं गात आत घेतले जातात.

नव्या माणसाला यजमान हमखास आत बसवू पाहतात, थंडी वाजेल म्हणून. त्यांना नम्रपणे सांगा की मला बाहेर उभं राहायचंय. गाण्याचे कागद वाटतात, शब्द तोंडी नसले तरी चालतं. पहिल्या वर्षी मी हातातली मेणबत्ती वाऱ्यापासून सांभाळत त्या रांगेत उभी होते, परक्या गावात, परक्या भाषेत आसरा मागत. दार उघडलं तेव्हा मला रडू आलं. शेजारच्या आजींनी काही न विचारता माझा हात धरला.

ही प्रथा आली कुठून, तेही सांगते, कारण इथले लोक अभिमानानं सांगतात. स्पॅनिश येण्यापूर्वी याच हिवाळी दिवसांत मेशिका (आज्तेक) लोक वित्सिलोपोच्त्ली या आपल्या दैवताचा उत्सव करायचे. राजगिऱ्याच्या पिठाची त्याची मूर्ती घडवायची आणि शेवटी तिचे तुकडे सगळ्यांनी प्रसादासारखे खायचे. १५८७ साली आकोल्मान इथल्या ऑगस्टिनियन मठाचे प्रमुख दिएगो दे सोरिया यांनी पोप सिक्स्तुस पाचवे यांच्याकडून नाताळपूर्वीच्या नऊ दिवसांच्या विशेष प्रार्थनांची परवानगी मिळवली आणि जुन्या उत्सवाच्या जागी हळूहळू नवा रुजला. आकोल्मान मेक्सिको शहराजवळच आहे, तेओतिवाकानचे पिरॅमिड पाहायला जाल तेव्हा वाटेत थांबा. आणि तो राजगिरा? गुळाच्या किंवा मधाच्या पाकात बांधलेली त्याची वडी इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तिचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. आपल्या उपवासाच्या वडीची ही थोरली बहीण. राजगिरा मुळात अमेरिका खंडातलाच.

काही व्यवहाराच्या गोष्टी. घरच्या पोसादाला दिलेल्या वेळेनंतर अर्ध्या-पाऊण तासानं गेलात तरी चालतं, आधी पोहोचणं मात्र यजमानांना अडचणीचं होतं. आत गेल्यावर सगळ्यांना मिळून एकच नमस्कार करू नका. प्रत्येकाजवळ जाऊन हात मिळवायचा किंवा गालाला गाल लावायचा, आणि निघतानाही तसंच. अंगात जाड स्वेटर हवा. केरेतारो समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरांहून उंच आहे, घरांत हीटर सहसा नसतो आणि कार्यक्रम अर्धा अंगणात असतो. रिकाम्या हातानं जाऊ नका. काय न्यायचं सुचलं नाही तर लाल नोचेबुएनाची कुंडी न्या. हेच आपल्याकडच्या बागांतलं पॉइन्सेटिया, मूळचं इथलंच. अमेरिकेचे राजदूत पॉइन्सेट यांनी ते १८२० च्या दशकात आपल्या देशात नेलं म्हणून जगभर त्यांचं नाव लागलं. मेक्सिकोत अजूनही त्याला 'क्वेत्लाशोचित्ल' हे नाहुआत्ल, म्हणजे मेशिकांच्या भाषेतलं नाव आहे. लाल दिसतात ती त्याची पानं, फुलं मधली बारीक पिवळी.

आणखी एक शब्दाचा घोटाळा, ज्यात मी स्वतः अडकले होते. इथे नम्रपणे बोलताना स्वतःच्या घराला 'तुमचं घर' म्हणतात. "शनिवारी तुमच्या घरी पोसादा आहे" असं कुणी म्हणालं तर घाबरून साफसफाईला लागू नका. कार्यक्रम त्यांच्याकडे आहे. आमचं घर ते तुमचंच, असा त्याचा भाव.

ऑफिसातही पोसादा असते, पण ती फक्त नावाची. जेवण, नाच, सोडत आणि चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देणं. भेटीची किंमत आधी ठरलेली असते, ती ओलांडू नका. जास्त महाग भेट समोरच्याला अवघडवते.

४. पिन्याता: लहान मुलांना मागे धरा

पारंपरिक पिन्याता म्हणजे मातीचं मडकं, वरून कागदाचे थर आणि सात शंकू असलेला रंगीत तारा. सात शंकू ही सात महापापं, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे आंधळी श्रद्धा, हातातली काठी म्हणजे सद्गुण, आणि फुटल्यावर जे बरसतं ती कृपा, असा अर्थ मिशनऱ्यांनी लावून दिला. गोपाळकाल्याची हंडी ठाऊक असलेल्या आपल्या मुलांना हा खेळ सांगावा लागत नाही, ती आधीच पुढे धावलेली असतात.

तिथेच सावध राहायचं. पट्टी बांधलेला मुलगा काठी कुठेही फिरवतो, आणि मडकं फुटलं की खापऱ्या उडतात. काठी मारणाऱ्याभोवती चांगली चार पावलं मोकळी जागा ठेवा. फुटल्यावर मुलं झेपावतात त्या क्षणी काठी मोठ्या माणसानं काढून घेतली पाहिजे. हे काम नव्या पाहुण्यानं मागून घ्यावं, सगळे आनंदानं देतात. पाळी लहानांपासून सुरू होते. पिन्यातासाठी ठरलेलं गाणं संपलं की पाळी संपली, मग मारा लागलेला असो वा नसो.

आत काय भरायचं? मंडईत एका फेरीत सगळं मिळतं: उसाचे करवे, संत्री, भाजलेल्या शेंगा, तेखोकोते नावाची बोराएवढी केशरी फळं, हिकामा नावाचा पांढरा रसाळ कंद आणि गोळ्या. नुसत्या गोळ्या-चॉकलेटं भरण्याची पद्धत वाढली आहे, पण फळांची पिन्याता फुटते तेव्हा अंगणभर जो वास पसरतो त्यासाठी थोडं वजन सोसावं. फुलबाज्या तुम्ही आणा. इथे त्यांना 'लुसेस दे बेंगाला', म्हणजे बंगालचे दिवे म्हणतात.

५. पोंचे करायला शिका

एकच पदार्थ शिकायचा असेल तर हा. गरमागरम फळांचा काढा, प्रत्येक पोसादात मोठ्या पातेल्यात उकळत असतो. पोंचे, पंच हे शब्द मूळचे आपल्या 'पाच' या आकड्यावरून, पाच घटकांच्या पेयावरून आले असं बहुतेक कोशकार मानतात. इथे मात्र घटक पाचाच्या खूप पुढे गेले आहेत.

साधारण पंधरा जणांसाठी: ४ लिटर पाणी, अर्धा किलो तेखोकोते, अर्धा किलो पेरू, दोन सफरचंदं, हाताएवढे उसाचे चार तुकडे सोलून उभे चिरलेले, दहा-बारा सुके आलुबुखार, चिंचेची चार-पाच बोटकं सोलून, मूठभर सुकी हामाइका, दोन मोठ्या दालचिनीच्या काड्या आणि ३०० ग्रॅम पिलोन्सियो. पिलोन्सियो म्हणजे शंकूच्या आकाराचा गूळ, रंग आणि वास थेट आपल्या काळ्या गुळाचा. हामाइका म्हणजे लाल अंबाडीची बोंडं.

तेखोकोते आधी पाच मिनिटं उकळून घ्या, मग साल बोटांनी सुटते. पाण्यात गूळ आणि दालचिनी घालून उकळी आणा. त्यात तेखोकोते आणि ऊस टाका, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो. वीस मिनिटांनी सफरचंद, आलुबुखार, चिंच, हामाइका. पेरू सगळ्यात शेवटी, नाहीतर त्यांचा लगदा होतो. मंद आचेवर आणखी अर्धा तास. पेला देताना फळंही द्यायची आणि सोबत चमचा. पाहुण्यांना विचारलं जाईल, 'कोन पिकेते?' त्याचा अर्थ रम किंवा तत्सम दारूची धार घालून हवं का. नको असेल तर 'सिन पिकेते' म्हणा. मुलांचं पातेलं वेगळं असतंच.

ऊस चघळत, पेरूचा वास घेत उभं राहिलं की मला भोगीच्या बाजाराची आठवण येते. दोन्ही ठिकाणी तीच थंडी, तीच फळं.

६. शाकाहारी असाल तर हे आधी बोलून ठेवा

मला सर्वांत जास्त प्रश्न यावरच येतात. 'मी मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण इथल्या बोलण्यात कार्ने म्हणजे मुख्यतः गुरा-डुकराचं मांस. कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत. पूर्ण वाक्य म्हणा: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो." फक्त गोमांस टाळायचं असेल तर शब्द 'रेस'.

न दिसणाऱ्या गोष्टी या: मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, ती तामालेसमध्ये (मक्याच्या पानात सारण भरून उकडलेलं मक्याचं पीठ) आणि घोटलेल्या घेवड्यात बऱ्याचदा असते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, मोले हा मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्साही. रंगीबेरंगी जेलीत प्राणिज जिलेटिन असतं. 'येवा मान्तेका?', यात चरबी आहे का, हा प्रश्न हसतमुखानं विचारला की कुणी वाईट वाटून घेत नाही. पण तो ताट वाढल्यावर विचारू नका. दोन दिवस आधी यजमानीणबाईंना निरोप द्या आणि बरोबर म्हणा, की मी एक भाजीचा पदार्थ घेऊन येते. मी दरवर्षी बटाट्याची भाजी आणि पुऱ्या नेते. पहिल्यांदा उरतील म्हणून थोड्याच नेल्या, त्या दहा मिनिटांत संपल्या. मिरची, बटाटा आणि टोमॅटो मुळात अमेरिका खंडातून आपल्याकडे आले आहेत, आणि हळदीच्या रंगात परत आलेला बटाटा पाहून त्यांना फार गंमत वाटते.

मेजावर तुमच्यासाठी सहसा निर्धोक असलेलं: पोंचे, बुन्युएलोस (पातळ कुरकुरीत तळलेल्या पोळ्या, वरून गुळाचा पाक), बिटाची कोशिंबीर, आणि मलईतली सफरचंदाची कोशिंबीर, फक्त तिच्यात मार्शमेलो नाहीत ना ते पाहा.

७. नोचेबुएना: दुपारी झोप काढा

२४ डिसेंबरचं जेवण रात्री अकरा-बारानंतर. हे गांभीर्यानं घ्या. संध्याकाळी थोडं खाऊन, मुलांना दुपारी झोपवून मगच जा. कुटुंबाचाच हा दिवस असतो. घरातलं कुणी तुम्हाला बोलवत असेल तर तो मोठा मान आहे, नाही म्हणू नका.

घरात एका कोपऱ्यात नासिमिएंतो मांडलेला दिसेल. वसई-गोव्यात नाताळचा गोठा करतात तसाच, पण इथे तो वाढत वाढत अख्खं गाव होतो: विहीर, मक्याच्या रोट्या थापणारी बाई, टर्की, निवडुंग. गौरी-गणपतीच्या आरासीत जसा प्रत्येक घराचा हात दिसतो, तसा यात दिसतो. गव्हाण मात्र रिकामी असते. मध्यरात्री घरातली दोन माणसं बाळ येशूची मूर्ती कापडाच्या झोळीत किंवा तबकात ठेवून जोजवतात, सगळे अंगाई म्हणतात, आणि एकेक जण पुढे येऊन मूर्तीला ओठ टेकवून तबकातली साखरेची गोळी उचलतो. त्या गोळीला कोलासिओन म्हणतात, आपल्या संक्रांतीच्या हलव्याच्या नात्यातली. मग बाळाला गव्हाणीत ठेवतात.

रामनवमीला दुपारी बारा वाजता पाळण्याची दोरी ओढलेल्या आपल्या माणसाला इथे काय करायचं ते कळतं. माझ्या सासूबाई एका वर्षी आल्या होत्या. भाषेचा एक शब्द न कळता त्यांनी झोळीचं एक टोक धरलं आणि आपला पाळणा गुणगुणल्या, कुणालाही ते वेगळं वाटलं नाही. तुम्हाला मूर्तीचं चुंबन घ्यायचं नसेल तर हात जोडा, तेवढं पुरतं.

जेवणात बाकालाओ असतो, खारवून सुकवलेला कॉड मासा. तो दिवसभर पाणी बदलत भिजवून टोमॅटो, ऑलिव्ह, बदाम, बटाटे आणि पिवळ्या मिरच्यांबरोबर शिजवतात. शेपूसारखी दिसणारी रोमेरितोसची पालेभाजी मोलेच्या दाट रश्श्यात, सुक्या कोळंबीच्या वड्यांसह. मालवणी माणसाला सोड्यांची आठवण येईल. शिवाय टर्की किंवा भाजलेली डुकराची मांडी. खाणाऱ्याला 'प्रोवेचो' म्हणायचं, स्वतः उठून जातानाही.

निघताना हातात डबा मिळतो आणि २५ ला पुन्हा बोलावणंही. त्या दिवशीच्या जेवणाला नाव आहे: रेकालेंतादो, म्हणजे पुन्हा गरम केलेलं. बाकालाओ पावात भरून खातात. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत २४ पेक्षा २५ च्या दुपारची वाट जास्त पाहतात. कुणी नटलेलं नसतं, चपला घालून स्वयंपाकघरात बसायचं, भांडी घासायला मदत करायची. खऱ्या गप्पा तेव्हाच होतात.

८. २८ आणि ३१ डिसेंबर

२८ ला थापा मारायचा दिवस, आपल्या एक एप्रिलसारखा. त्या दिवशी उसनी दिलेली वस्तू किंवा पैसे परत मागायचे नाहीत, असा संकेत आहे. कुणी फार गोड बोलून काही मागितलं तर दुसऱ्या दिवशी देतो म्हणा.

३१ ला मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं, प्रत्येकाबरोबर एक इच्छा. ही रीत स्पेनमधून आली. बिनबियांची, लहान द्राक्षं आणा. लहान मुलांना ती उभी चिरून द्या आणि घाई करू देऊ नका, घशात अडकतात. प्रवास घडावा म्हणून काही जण रिकामी बॅग घेऊन रस्त्यावर फेरी मारतात, बरकत यावी म्हणून मसुरीचे दाणे वाटतात.

९. ६ जानेवारी: आपला तुकडा आपणच कापा

मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत मुलांना खेळणी प्रामुख्यानं बाळ येशूच्या भेटीला आलेले तीन राजे आणतात: मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार. ५ च्या रात्री मुलं बूट दाराशी किंवा नासिमिएंतोजवळ ठेवतात. शाळेत जाणारं मूल असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर ७ तारखेला वर्गात सगळ्यांनी सांगितलं आणि आपल्याकडेच काही आलं नाही, असं होतं. आमच्याकडे झालं. तेव्हापासून बूट ठेवतो.

संध्याकाळी रोस्का कापतात, लंबवर्तुळाकार गोड पाव, वर सुक्या फळांच्या रंगीत पट्ट्या. पूर्वी त्यात बिझ्नागा निवडुंगाची आसित्रोन नावाची मिठाई असायची. तो निवडुंग आता संरक्षित आहे, त्यामुळे आसित्रोन विकणाऱ्याकडून रोस्का घेऊ नका. पेरू किंवा क्विन्सच्या वडीच्या पट्ट्या लावलेली चांगली.

आत बाळ येशूच्या छोट्या बाहुल्या लपवलेल्या असतात. प्रत्येकानं सुरी स्वतः धरून आपला तुकडा कापायचा. बाहुली तुमच्या वाट्याला आली तर लपवू नका, गिळू तर मुळीच नका. लहान मुलांच्या तुकड्याकडे लक्ष ठेवा. बाहुली निघालेल्यानं २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस द्यायचे. हसत टाळ्या वाजतात आणि तुमचं नाव लक्षात ठेवलं जातं. पाहुण्याला यातून सूट नसते, आणि मला हे या सणातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

१०. २ फेब्रुवारी: तामालेस तुमच्याकडून

नाताळनंतर चाळीस दिवसांनी कांदेलारिया. घरोघरीच्या बाळ येशूच्या मूर्तींना नवे कपडे घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. मेक्सिको शहरात ला मेर्सेद भागातल्या तालावेरा रस्त्यावर अशा कपड्यांचीच दुकानं आहेत. जानेवारीत शक्य असेल तर बघून या, गोकुळाष्टमीच्या बाळकृष्णाचे कपडे घेतोय असं वाटतं.

वसईच्या वाचकांसाठी एक तारीख पुढे जोडते. ५ फेब्रुवारीला मेक्सिको शहरात इथलेच संत फेलिपे दे हेसुस यांचा सण असतो. १५९७ मध्ये नागासाकीत त्यांच्याबरोबर ज्यांना क्रुसावर मारलं गेलं, त्यांत वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. १८६२ साली दोघांना एकत्रच संतपद मिळालं. हे सांगितलं की इथली वयस्क माणसं तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतात.

आता तामालेस. मोठ्या शहरांत बहुतेक जण विकत आणतात आणि त्यात कमीपणा नाही, पण २ तारखेला सकाळी रांगा लागतात. तीन-चार दिवस आधी सांगून ठेवा. माणशी दोन ते तीन धरा. हिरव्या सालसातले, लाल मोलेतले, मिरची-चीजचे म्हणजे राहास, आणि गुलाबी गोड असे मिसळून घ्या. सोबत चांपुर्रादो, मक्याच्या पिठानं दाट केलेलं चॉकलेट.

घरी करायचे असतील तर तोर्तियाच्या (मक्याच्या रोट्यांच्या) गिरणीतून 'मासा पारा तामाल' मागा. मासा म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचं पीठ, मासळी नव्हे. १ किलो मासाला पाव किलो लोणी हलकं होईपर्यंत फेटा, मीठ आणि चमचाभर बेकिंग पावडर घाला, मासा थोडा थोडा मिसळत भाजीच्या कोमट पाण्यानं सैल करा. पिठाची सुपारीएवढी गोळी पाण्यात तरंगली की झालं. भिजवलेल्या मक्याच्या पानावर पीठ पसरायचं, मध्ये सारण, पान दुमडायचं. पातोळ्या केलेल्या हाताला हे लगेच जमतं. उकडायच्या भांड्यात उभे रचा, तळाच्या पाण्यात एक नाणं टाका. त्याचा खुळखुळाट थांबला की पाणी आटलं, उकळतं पाणी ओता. सव्वा तासानं पान पिठापासून स्वच्छ सुटलं पाहिजे. रागावलेल्या माणसानं भांड्याजवळ यायचं नाही, नाहीतर तामालेस शिजत नाहीत, असं आजी सांगतात आणि आम्ही ते पाळतो.

चरबी नसलेल्या तामालेसवर वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. जाड टॉवेलात गुंडाळून भांडं तसंच घेऊन जा, दोन तास गरम राहतं. पानं टाकायला एक रिकामी पिशवीही बरोबर घ्या.